जाळ्याबाचा पाय

जाळ्याबा मारायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहिले तर कुणी त्याला डोंगरातला शांत, समाधानी ऋषी समजायला नको. ऋषी कसला! हातात पळसाची ओली फांदी, तोंडात शिवी, आणि समोर जो असेल त्याच्या पाठीवर वळ. कळमनुरीच्या त्या अंगाच्या माळावर त्याचा मार न खाल्लेला माणूस शोधून काढावा लागला असता. गुराख्यांनी खाल्ला, मोहाची फुलं वेचणाऱ्यांनी खाल्ला, त्याच्या सख्ख्या मुलानं खाल्ला, एका ग्रामसेवकानं खाल्ला आणि मीही खाल्ला.

मी म्हणजे ढोरांचा डॉक्टर. खरा डॉक्टर नव्हे, पशुधन पर्यवेक्षक. पण लोक 'डाक्टर' म्हणत आणि मी कधी हरकत घेतली नाही. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, नवा जिल्हा व्हायचा होता. मी मूळचा पुसेगावकडचा, मेंढरंवाल्यांच्या घरातला. थोरला भाऊ मेंढरं राखायचा आणि मी शिकून त्याच मेंढरांना सुया टोचायला लागलो. दवाखान्यातून मिळालेले रबरी गमबूट घालून मी गावोगाव हिंडायचो, आणि खरं सांगायचं तर त्या बुटांचा मला भारी तोरा होता.

फाल्गुनात एकदा आंध आदिवासींच्या वाडीवर शेळ्यांना लस द्यायला गेलो. काम उरकलं, बिडी पेटवली आणि जळती काडी टाकली बाजूच्या गवतात. कानाखाली असा आवाज निघाला की क्षणभर मला वाटलं बोकडानं धडक दिली. पाहतो तर एक वाळका म्हातारा, डोक्याला मळकं पटकूर, पायात काही नाही. तो माझ्याकडे बघतही नव्हता. गवतात उकिडवा बसून माझी काडी बोटानं चिरडत होता. "मी सरकारी माणूस आहे," मी ओरडलो. तो म्हणाला, "मंग सरकारच्या घरात टाक की काडी. हितं काहून टाकून राहिला?" ती विझलेली काडी त्यानं माझ्याच खिशात घातली. माझा कान तीन दिवस गुणगुणत होता.

पुढं कळलं, त्याचं खरं नाव कुणालाच धड आठवत नव्हतं. तो माळ जाळायचा म्हणून जाळ्या, आणि वयानं मोठा म्हणून बा. गंमत बघा, जाळणारा म्हणून ज्याचं नाव, तो माणूस एका काडीसाठी परक्याच्या कानफटात मारत होता! मी वाडीवर हे बोलून दाखवलं, तर त्याची सून गिरजा हसून म्हणाली, "बा हिवाळ्यात जाळतो म्हणून उन्हाळ्यात कुणाला जाळू देत न्हाई, डाक्टर."

ही त्यांची फार जुनी रीत होती. दिवाळी सरली, गवत अर्धं पिवळं अर्धं हिरवं झालं की वाडी माळावर निघायची. सकाळी, गवतावर दहिवर असताना. आधी पत्र्याचे डबे बडवत माळ तुडवायचा, म्हणजे ससे, लावे, तित्तर, साप, जे काय असेल ते उठून जातं. मग एकेक तुकडा तीन बाजूंनी पेटवायचा आणि चौथी बाजू मोकळी सोडायची. "लेकुरवाळ्या तिकडून जातेत," बा म्हणायचा. जाळ गुडघ्याच्या वर चढायचा नाही. दहिवरात कुचमत, धुपत, सरपटत जायचा आणि आपल्या आपण विझायचा. महिनाभरात सगळा माळ कबऱ्या शेळीसारखा दिसायला लागायचा, एक तुकडा काळा, एक पिवळा. पुढं चैत्र-वैशाखात कुठून ठिणगी आली तरी ती आग पुढच्या काळ्या तुकड्यापाशी येऊन उपाशी मरायची.

काडी लावायच्या आधी बा अनवाणी गवतात उभा राहायचा. पाय दाबून, डोळे मिटून, चांगला दहा श्वास. मग म्हणायचा, "व्हय." नाहीतर म्हणायचा, "न्हाई, उद्या," आणि अख्खी वाडी मुकाट्यानं घरी परतायची. एकदा मी शहाणपणा केला, "बा, हातानं चाचपून बघावं की." त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागं सरलो. "वरचं दहिवर डोळ्याला दिसतं. बुडाची ओल अंगाचा भार पडल्याबिगर वर येत न्हाई. हातावर हुबा राहू का आता?" त्याच्या तळव्यांना हाताच्या पेरासारख्या भेगा होत्या, अंगठ्याला नख नव्हतं, टाचेवर जुने भाजल्याचे डाग होते. त्या पायानं गेली चाळीस वर्षं वाडीला हो किंवा नाही सांगितलं होतं आणि एकदाही चूक झाली नव्हती.

मला हा सगळा अडाणीपणाच वाटला असता. पण मेंढरांनी मला शिकवलं. कुसळी गवताचं कुसळ माहीत आहे ना? ते लोकरीत घुसतं, कातडीत शिरतं, हिरड्यांत रुततं, डोळ्यात गेलं तर डोळा फोडतं. बाकी माळांवरच्या मेंढरांच्या अंगातून मी चिमट्यानं पू भरलेली कुसळं ओढून काढायचो. बाच्या माळावर चरणाऱ्या जनावरांत हा आजार जवळपास नव्हताच. वेळेवर जाळलेल्या तुकड्यांवर कुसळ कमी आणि पवना, मारवेल असली चाऱ्याची गवतं जास्त. मी हे त्याला मोठ्या कौतुकानं सांगितलं. "तुला आज कळून राहिलं? अन् पगार कशाचा घेतो?" एवढंच बोलला.

आमचे मेंढरंवाले मात्र चैत्रात आग लावायचे. राखेतून कोवळा कोंब लवकर फुटतो, ही आमच्या लोकांची जुनी समजूत. माझ्या दादानंही एका चैत्रात लावली. बा डोंगर उतरून धावत आला आणि दादाला मेंढरांदेखत फांदीनं सोलून काढला. दादा काही ऐकणारा नव्हता. त्यानं कुऱ्हाडीचा दांडा फिरवला आणि बाचे समोरचे दोन दात पाडले. बा रक्त थुंकला आणि म्हणाला, "आधी जाळ विझव. मंग मार मला. म्या कुठं पळून चाललो?" आणि काय सांगू, दोघांनी खांद्याला खांदा लावून तासभर ती आग झोडपली! विझल्यावर दम खाल्ला, एकाच मोग्यातलं पाणी प्यायले, आणि पुन्हा एकमेकांच्या छातीवर बसले. मी मध्ये पडलो तर दोघांनी मला बाजूला फेकलं. दादा पुढं कितीतरी महिने ती गोष्ट दात खाऊन सांगायचा.

बा धुरावरूनही आग ओळखायचा. "हिवाळ्याचा धूर पांढरा असतो, त्यात नुसतं गवत असतं. उन्हाळ्याचा काळा. त्यात झाडं असतेत, पाखरांची पिलं असतेत." अलीकडं एका शिबिरात कुणी शिकलेले साहेब पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होते की गवत थंडीच्या दिवसांत ओलसर असताना जाळलं तर उन्हाळ्याचे वणवे टळतात आणि हवेत विषारी धूर कमी जातो, दूरदेशीचे आदिवासी हे पूर्वापार करतात म्हणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बाहेर आलो. मला तिथं बसवेना.

कारण बाला त्याच गोष्टीसाठी मार पडला होता. कायद्यानं माळ जाळणं गुन्हा होता. जंगल खात्याचे जुने गार्ड दोन शिव्या देऊन सोडायचे. पण त्या वर्षी एक नवा आला. दिवाळीनंतर पहिलाच तुकडा जाळला आणि त्यानं बाला धरून नेलं. त्या माणसानं दुसरीकडं कुठं हात लावला नाही. दोन जणांना पाय धरायला लावून बाच्या तळव्यांवर वेताच्या छडीनं मारलं. "पुन्हा माळावर पाय ठेवशील?" असं दर छडीला विचारत होता. हे त्याच्या मुलानं मला सांगितलं. तळवे फुटून सोलले, मग त्यात पू झाला. मी जनावरांचं औषध लावून त्याचे पाय बांधले. राग मलाही आला होता. मी रागावून केलं काय, तर काहीच नाही.

मार्गशीर्ष संपत आला. गवत रोज वाळत होतं आणि माळ जाळायचा राहिला होता. आठ-दहा दिवस गेले असते तर वेळ निघून गेली असती, आणि न जळलेला माळ वाडीच्या दारात तसाच उन्हाळ्याची वाट बघत राहिला असता. बानं मला निरोप धाडला. मी शेजारी उभा असलो तर गार्ड हात उचलणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी गेलो. मुलानं बाला पाठुंगळी घेऊन माळाच्या कडेच्या खडकावर आणून बसवलं आणि सगळी वाडी डबे बडवायला पलीकडच्या अंगाला गेली. खडकापाशी बा आणि मी, दोघंच उरलो.

बा उठून गवतात उभा राहिला आणि पडला. पुन्हा उठला, माझ्या खांद्याला धरून. बराच वेळ डोळे मिटून राहिला. मग इतक्या बारीक आवाजात बोलला की तो बोलतोय हे मला आधी कळलंच नाही. "काही कळून न्हाई राहिलं. पाय मेला." त्याच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पाहिलं. छडीनं जे झालं नव्हतं ते त्या गवतानं केलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. "बूट काढ. हुबा राहा. बुडाला ओल हाय का सांग."

मी बूट काढले आणि उभा राहिलो. तळव्यातून कळ थेट मस्तकात गेली, इतकं गार होतं. पात्यांच्या टोकांवर थोडं दहिवर चमकत होतं. मला वाटलं, हीच ओल. दहा श्वासही घेतले नाहीत मी. "व्हय बा," मी म्हणालो, "ओल हाय." आणि त्यानं काडी लावली.

जाळ गुडघ्यापाशी थांबला नाही. कमरेला गेला, छातीला गेला, आणि मग असा काही आवाज करत सुटला की मला पळायचं सुचेना. बा हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत, फांदी आपटत त्याच्या मागं निघाला. मी बूट तिथंच टाकून धावलो. उतारावर दादाच्या मेंढरांचा मुक्काम होता. मेंढ्या चरायला वरच्या अंगाला गेल्या होत्या. पण बोराटीच्या काट्यांच्या कुंपणात तान्ही कोकरं कोंडलेली होती. काटे वाळलेले. मी पोचलो तेव्हा कुंपणच पेटलं होतं. कोकरं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढत होती आणि माणसांसारखी ओरडत होती. मी हात घालून तीन बाहेर ओढली. बाकीची तिथंच राहिली. तो आवाज थांबला, तेव्हा कळलं की सगळं संपलं. आग पुढं नांगरटीला जाऊन विझली.

दादा चार माणसं घेऊन आला. कुंपणात एकदा बघितलं आणि मग खडकाकडं आला. बा तोवर कसाबसा खडकापाशी परतला होता. मी त्याला उचलायला वाकलो होतो. "कुणी लावली?" दादानं विचारलं. "म्या," बा म्हणाला. मी मान वर केली, "दादा, ऐक, पाय माझा..." एवढंच बोललो आणि बाची मूठ माझ्या तोंडावर बसली. ओठ फाटला. "तू मधी बोलू नको! सरकारी माणसाचं काय काम हितं?" बा ओरडला. आणि मग त्यांनी त्याला मारलं. काठ्यांनी मारलं, लाथांनी मारलं, खाली पाडून मारलं. त्याचा मुलगा सोडवायला धावत आला तर काठीचं टोक त्याच्या डोळ्यात गेलं. तो डोळा कायमचा गेला. मी तोंड धरून उभा होतो. माझा ओठ फाटला होता, जीभ शाबूत होती. बोलता आलं असतं.

बानं कुणावर केस केली नाही. विचारायला आलेल्यांना आणि वाडीला त्यानं एकच सांगितलं, "माझा पाय चुकला." मी त्याला बघायला जायचो. छातीत कळ यायची, थुंकीत रक्त पडायचं. एकदा घरात कुणी नसताना तो मला म्हणाला, "थंडीला ओल म्हणलास, लेका. निराळं असतंय ते. तुझा पाय बुटात वाढला, त्याला काय कळणार?" रागानं नाही, नीट समजावून बोलला. मग म्हणाला, "कुणाला सांगू नको. तुझं नाव आलं तर सरकार येतं. सरकार आलं की वाडी जाते." माघात तो गेला. आणि त्या वाक्याचा मी सात वर्षं आडोसा केला.

सात वर्षं वाडीनं माळ जाळला नाही. कुणाचाच पायावर विश्वास राहिला नव्हता. बाचा पाय चुकला, तिथं दुसऱ्याची काय कथा! दर वैशाखात माळ पेटायचा. पहिल्याच उन्हाळ्यात तीन दिवस जळत होता. सागाची झाडं उभी जळाली, वाडीची सहा घरं गेली, भाजलेल्या कासेच्या गाई माझ्याकडं आल्या. मी मलम लावायचो. माझ्या हातून तेवढंच होत होतं.

दादा म्हातारा झाला, मेंढरं विकली. एका दुपारी पुसेगावला ओसरीवर दोघंच बसलो होतो. माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "दादा, त्या दिवशी बाचा पाय नव्हता. माझा होता." दादा सुपारी कातरत होता. हात न थांबवता म्हणाला, "मला माहीत हाय. म्या वरून पाहून राहिलो होतो. तुला अनवाणी हुबं केलेलं पाहिलं."

"मग त्याला काहून मारलं?"

"तुला मारणार होतो काय?" दादा म्हणाला. "माझी लेकरं जळाली होती. कुणाला तरी मारायचंच होतं. तू माझा भाऊ हाईस."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी वाडीवर गेलो. गिरजा अंगणात तूर झोडपत होती. तिचा नवरा एका डोळ्यानं माझ्याकडं बघत भिंतीला टेकून बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बूट काढल्याचं, गार लागल्याचं, "व्हय" म्हणाल्याचं, आणि मार चालू असताना गप्प राहिल्याचं. गिरजानं हातातली काठी माझ्या खांद्यावर मारली. मग पाठीवर, मग तोंडावर. मी हात वर केले नाहीत. तिचा नवरा उठला, पण त्यानं तिला अडवलं नाही. ती दमली तेव्हा थांबली.

"बाचा पाय चुकला नव्हता?" तिनं विचारलं.

"नाही."

"मरताना त्याचे पाय लई दुखून राहिले होते, डाक्टर. 'जरा तेल लाव' म्हणत होता." तिच्या हातातली काठी खाली पडली. "म्या लावलं न्हाई. म्हणलं, ह्या पायानं माझ्या नवऱ्याचा डोळा खाल्ला, ह्याला काहून तेल लावू? म्या न्हाई लावलं."

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मी बराच वेळ अंगणात उभा होतो, पण दार उघडलं नाही. त्या साली दिवाळीनंतर वाडीनं माळ जाळला, असं मला कळमनुरीच्या बाजारात कुणीतरी सांगितलं. मला बोलावलं नव्हतं.